सोळा संस्कार आणि सात समुद्र

गेल्या पौषातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास इंग्लंडातून भाच्याचा फोन आला. माझी थोरली बहीण, आमची आक्का, त्या दिवशी तिकडे गेली. चार वर्षांपूर्वी ती मुलाकडे राहायला गेली होती. जायला तिची फारशी तयारी नव्हती. 'माझी माती इथे पडू दे' असे ती म्हणत असे. 'आक्का, नातवंडांत राहा, इथे एकटीने कुठवर काढणार?' असे म्हणून तिला गाडीत बसवून देणारा मीच. म्हणून त्या रात्री फोन खाली ठेवल्यावर मला रडू आले त्यात दुःखाबरोबर दुसरेही काही होते. ते काय, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. "मामा, इथल्या दहनगृहात नंबर लागला आहे तो बाराव्या दिवसाचा. दाखले, नोंदणी, सुट्ट्या, सगळे मिळून तेवढे दिवस लागणारच म्हणतात. मग दहावा कधी करायचा? आई गेली त्या दिवसापासून मोजायचे, की दहनापासून?"

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एखादे पात्र मारले तर त्याचे दिवसकार्य दोन ओळींत उरकून मोकळा होतो. पण या प्रश्नाने माझी मती गुंग झाली. मरणापासून मोजावे तर दहाव्याचे पिंड आधी आणि अग्नी मागाहून! दहनापासून मोजावे तर बारा दिवस सुतक सुरूच झाले नाही म्हणायचे का? "उपाध्यांना विचारून कळवतो," असे सांगून मी फोन ठेवला.

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट काढली म्हणून कोणी रागावू नये. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर धनत्रयोदशीला आपणच दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावतो. त्या एका प्रश्नाने मला पुढचे सहा महिने जुन्या पुस्तकांत हिंडवले. माणूस घर सोडतो तेव्हा ट्रंकेत कपडे भरतो, लोणच्याची बरणी भरतो, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतो. पण बारसे, मुंज, लग्न, अंत्यविधी हे सामान तो कसे नेतो? आणि परका मुलूख त्याचे काय करतो? तेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट आपल्या कोल्हापूरचीच आहे. छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेच्या प्रवासाला निघाले. वय अवघे वीस. इंग्लंड पाहून, भेटीगाठी आटोपून परत येताना इटलीत फ्लॉरेन्स शहरी त्यांची प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचे तिथेच देहावसान झाले. आता बरोबरच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला तो माझ्या भाच्यापुढे उभा राहिला तोच. फक्त शंभरपट कठीण. त्या काळच्या इटलीत प्रेत जाळण्याची चाल नव्हती, कायद्यात सोय नव्हती. धर्माने तर दहनच हवे. अखेर अधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळवली गेली. शहराबाहेर कॅशिने नावाचे मोठे उपवन आहे. त्याच्या टोकाला अर्नो नदीला मुन्योने नावाची लहानशी नदी मिळते. मंडळींनी तो संगम निवडला आणि रात्रीच्या अंधारात तिथे चिता रचली.

मला या हकिकतीत सर्वांत हलवून सोडते ती जागेची निवड. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी वाढलेली ती माणसे. परमुलखात धनी गेला तेव्हा त्यांनी नकाशावर पहिला शोध घेतला असेल तो संगमाचा. अर्नोचे पाणी गंगेचे नव्हते, मुन्योनेला कुठले माहात्म्य नव्हते; पण दोन पाणी एकत्र येतात ती जागा पवित्र, एवढे त्यांना ठाऊक होते आणि तेवढे त्यांना पुरले. 1874 साली तिथे छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवला आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने रेखाटला तोच हा मँट. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंदियानो', म्हणजे 'हिंदी माणूस', असे म्हणू लागले. 1978 साली जवळच अर्नोवर मोठा पूल झाला. त्याचेही नाव पडले 'हिंदी माणसाचा पूल'. आज त्यावरून मोटारी धावतात. त्यांतल्या कितींना करवीरची गादी ठाऊक असेल?

याच्या आधी जे गेले त्यांच्या वाट्याला एवढेही आले नाही. राजा राममोहन रॉय 1833 साली ब्रिस्टलला वारले. तेव्हा इंग्लंडात दहनाची गोष्टच नव्हती. त्यांना ते राहत होते त्या घराच्या आवारात पुरले आणि दहा वर्षांनी, 1843 मध्ये, आर्नोज व्हेल या दफनभूमीत हलवले. अंगावर जानवे होते, देह मात्र मातीत गेला. त्यांच्यावर छत्री बांधणारे त्यांचे स्नेही द्वारकानाथ टागोर स्वतः 1846 साली लंडनला गेले आणि तेही तिथल्याच दफनभूमीत विसावले.

पण काळाची गंमत पाहा. ज्या युरोपात कोल्हापूरकरांना रात्री चिता रचावी लागली, तिथेच सहा वर्षांत, 1876 साली, मिलानला दहनगृह सुरू झाले. 1884 मध्ये वेल्समधील एका खटल्यात न्यायाधीशाने सांगितले की, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणे हा गुन्हा नव्हे. 1885 साली वोकिंग येथे इंग्लंडातले पहिले दहनगृह चालू झाले आणि 1902 साली त्याचा कायदा झाला. आज तिथे गोऱ्या लोकांतही दफनापेक्षा दहनच अधिक होते. तरीही आपल्या माणसाला हवे असते ते सगळेच मिळाले असे नाही. मुलाने चितेला प्रदक्षिणा घालायची, खांद्यावरच्या मडक्याला भोके पाडायची, अग्नी द्यायचा. तिथे त्याने एक बटण दाबायचे. न्यूकॅसलच्या एका वृद्ध हिंदू गृहस्थांनी उघड्या चितेच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढली. 2010 साली वरिष्ठ न्यायालयाने तोड काढली: भिंती असलेल्या पण वरून मोकळ्या अशा वास्तूत खऱ्या लाकडाची चिता कायद्यात बसू शकते. दहनगृह म्हणजे 'इमारत' कशाला म्हणायचे, यावर तो सारा वाद होता. आमच्या गावच्या स्मशानातली चार खांबांची पत्र्याची शेड त्या न्यायाधीशांनी पाहिली असती तर निकाल लवकर लागला असता असे मला उगीच वाटून गेले.

मरणाचे झाले, आता लग्नाकडे वळू. लग्न म्हणजे अक्षता, मंगलाष्टके, जेवणावळ. त्यात सरकारचा काय संबंध, असे आपल्याला घरी बसून वाटते. परदेशी गेलेल्यांना तसे वाटून चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत 14 मार्च 1913 रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप नावाचा एक मुसलमान गृहस्थ आपली पत्नी बाई मरियम हिला हिंदुस्थानातून आणू पाहत होता. निकालाचा मथितार्थ असा निघाला की, ख्रिस्ती विधीने न झालेला किंवा तिथल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे न नोंदलेला विवाह विवाहच नव्हे. एका दिवसात हजारो हिंदू, मुसलमान, पारशी संसार कायद्याच्या लेखी संसार राहिले नाहीत. सप्तपदी झाली काय आणि निकाह झाला काय, दोहोंची किंमत सारखीच शून्य! केपटाऊनमध्ये आमच्या कोकणातील मुसलमान घराणीही नांदत होती. रत्नागिरीकडच्या खेड्यांत काझींनी लावलेले निकाह एका कागदाने वाऱ्यावर गेले.

गोपाळ कृष्ण गोखले 1912 च्या अखेरीस त्या देशात जाऊन हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकून आले होते. त्यानंतर वर्ष उलटले नाही तोच हा घाव बसला. गांधीजींनी लढा पुकारला आणि त्या वेळी प्रथमच बायका तुरुंगात जायला निघाल्या. सप्टेंबर 1913 मध्ये फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी सरहद्द ओलांडून अटक करून घ्यायला निघाली. तीत चार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या एक कस्तुरबा. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मागून खाणमजुरांचा तो प्रसिद्ध मोर्चा निघाला. 2037 पुरुष, 127 स्त्रिया, 57 मुले. मजुरांवरच्या तीन पौंडांच्या कराचा प्रश्न होताच. पण 'आपण लग्नाच्या बायका नाही' हा डाग बायकांना अधिक झोंबला. 1914 साली कायदा झाला, कर गेला, आणि आपापल्या धर्माने झालेले एकपत्नी विवाह मान्य झाले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हा लढा मी दरवर्षी शिकवतो. पण त्याच्या मुळाशी कुणाच्या तरी गळ्यातले मंगळसूत्र आहे, हे मला इतक्या वर्षांत मुलांना सांगायचे सुचले नाही. यंदा सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलीही वर मान करून ऐकत होत्या.

परदेशी कशाला जा? माझी शाळा अष्टागरात आहे आणि नवगाव आमच्यापासून सायकलीच्या अंतरावर. फार फार पूर्वी तिथे एक गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि कोकणात राहिली, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. आपल्या लोकांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली. उरले काय? आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. एवढ्या चार दोऱ्यांवर त्यांनी आपला धर्म शेकडो वर्षे टांगून ठेवला. बाकीचे सारे कोकणाने भरून काढले. लग्नाआधी हळद-मेंदी आली, वधूच्या गळ्यात काळे मणी आले, आणि आला मलिदा. मी लहान असताना शेजारच्या बेने इस्राएल आजी घरात शुभकार्य असले की तो आमच्याकडे धाडीत. गोड केलेले पोहे, त्यांत खोबरे, वर केळी-खजुरासारखी फळे. आणि हे सारे एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने. आई तो प्रसादासारखा डोक्याला लावून आम्हाला वाटीत असे. हा दुसऱ्या धर्माचा पदार्थ, हे मला फार उशिरा समजले.

1948 साली इस्राएलचे राज्य झाले आणि ही मंडळी हळूहळू तिकडे जाऊ लागली. घरी परत निघालो, अशीच त्यांची भावना. पण तिथे पोचल्यावर 1961-62 च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली. इतकी शतके मूळ समाजापासून दूर राहिलेल्या या लोकांच्या काडीमोडीचे आणि पुनर्विवाहाचे विधी शास्त्राप्रमाणे झाले कशावरून? तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला इतर यहुद्यांशी लग्न करायचे असेल तर आईच्या आणि आजीच्या पिढ्यांची चौकशी व्हावी, असा आदेश निघाला. विचार करा वाचकहो! कोकणात ते 'शनवार' म्हणून वेगळे होते आणि यरुशलेमात 'हिंदी' म्हणून वेगळे ठरले. ज्या चार दोऱ्यांनी त्यांना धरून ठेवले त्या आता अपुऱ्या म्हणायच्या! त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले. आणि ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या पार्लमेंटने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच होत. पण तेही किती अस्सल! हक्कासाठी भांडले आणि मलिदा मात्र सोडला नाही. आजही इस्राएलात तो केला जातो. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही काढले. इथे असताना त्यांनी तिकडचे जपले, तिकडे गेल्यावर इकडचे. परदेशस्थ माणसाचे मन असेच असते की काय कोण जाणे.

पारशी मंडळींची तर याहून निराळी तऱ्हा. त्यांच्या 'किस्से-संजान' या काव्यात सांगितले आहे की, संजानच्या राजाने आसरा देताना काही अटी घातल्या: आपला धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, तुमच्या बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे ठेवावीत, आणि लग्ने सायंकाळी लावावीत. ही शेवटची अट वाचून मी थबकलो. पारशी लग्न दिवस मावळतानाच लागते, हे आपण मुंबईत पाहतो. राजा गेला, राज्य गेले, अट घालणारा कोणी उरला नाही; पण अटीचाच मुहूर्त झाला! लग्नविधीचे नाव 'आशीर्वाद', म्हणजे आपल्याच भाषेतले. आणि त्याच विधीत आजही वधूसाठी निशापूरच्या नाण्यातल्या दोन हजार चांदीच्या दिरहमांचा आणि दोन सोन्याच्या दिनारांचा उच्चार होतो. निशापूर इराणात. ती टांकसाळ केव्हाच बंद पडली; पण लग्नमंडपात तिचे नाणे अजून खणखणते. यजमानाची अट आणि सोडलेल्या गावाचे नाणे, दोन्ही एकाच विधीत सुखाने नांदतात. मात्र अंत्यविधीत त्यांनाही तडजोड चुकली नाही. लंडनजवळ ब्रुकवुडला 1862 पासून त्यांची दफनभूमी आहे, कारण तिथे ना दखमा, ना गिधाडे. आणि पुढे इथेच, आपल्या देशात, गिधाडे नाहीशी झाली. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने ती मेली. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले तोवर फार उशीर झाला होता. म्हणजे माणूस जागचा हलला नाही, तरी त्याच्या विधीचा सोबती उडून जाऊ शकतो.

एवढे वाचून माझ्या अल्पमतीला एक गोष्ट उमगली. जे संस्कार घराच्या चार भिंतींत होतात ते परदेशात टिकतात. बारशाला काय लागते? पाळणा, घुगऱ्या आणि कानात नाव सांगणारी आत्या. फार तर दवाखान्याने नाव आधीच कागदावर मागून घेतलेले असते आणि आत्या जुनेच नाव नव्याने सांगते. उष्टावण, डोहाळेजेवण, नवजोतीची सदरा-कस्ती यांना कोणी अडवीत नाही. ती फक्त मुहूर्ताची रविवारशी सोयरीक करतात. पण लग्न आणि मरण या दोन्हींना सरकारची मोहोर लागते, आणि तिथेच माणूस परका ठरतो. परकेपणा म्हणजे भाषा न येणे नव्हे. आपल्या बायकोला बायको म्हणायला आणि आईला अग्नी द्यायला दुसऱ्याची परवानगी लागणे, हा खरा परकेपणा.

दुसरे असे की, संस्कार हे आपल्याला वाटते तितके ठिसूळ नसतात. मॉरिशसला 2 नोव्हेंबर 1834 रोजी गिरमिटिया मजुरांचे जहाज लागले. पुढे त्यांच्यामागून आमचे कोकणीही गेले. गंगा हजारो कोस दूर. मग डोंगरातल्या एका तळ्यालाच लोकांनी गंगेची बहीण मानले. 1972 साली त्यात खरे गंगाजल आणून ओतले आणि ते 'गंगा तलाव' झाले. आणि आपली आनंदीबाई जोशी आठवा. 1887 साली ती पुण्यात वारली. तिची रक्षा मात्र अमेरिकेत तिच्या कार्पेंटरमावशीकडे गेली आणि न्यूयॉर्क संस्थानातल्या पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. ख्रिस्ती घराण्याच्या दफनभूमीत एका ब्राह्मण मुलीची रक्षा! त्या काळी हे दोन्हीकडच्यांना सुचले आणि पटले, याचे मला आश्चर्य वाटते.

आता आक्काकडे परत येतो. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळीच मी उपाध्यांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. ओसरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, दिवस मरणापासूनच मोजायचे. दहनापासून मोजायचे ते अग्निहोत्र्याचे. तुझी आक्का काही अग्निहोत्री नव्हती."

"पण गुरुजी, अग्नी न देता पिंड?"

"तेच सांगतोय. सुतक मरणापासून धरा, बोटांवर मोजा, संपले की संपले. पिंडांची घाई नको. दहन झाले की दहाही दिवसांचे पिंड एके दिवशी द्या. अरे, परमुलखात मेलेल्याचे शास्त्र काय आज निघाले? देह सापडलाच नाही तर पळसाची तीनशेसाठ पाने घेऊन माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, असे सांगितले आहे. का सांगितले? तेव्हाही माणसे जात होती आणि परत येत नव्हती."

मी घरी येऊन भाच्याला कळवले. बाराव्या दिवशी आक्काला अग्नी दिला. मी इथे समईसमोर बसलो होतो. मग पिंडांचा दिवस आला. नदीकाठी अन्न ठेवायला तिथली नगरपालिका परवानगी देईना, तेव्हा भाच्याने घरामागच्या चिमुकल्या बागेत भिंतीवर पिंड ठेवला. तासाभराने त्याचा फोन आला. "मामा, कावळे समोरच्या झाडावर आहेत, पण उतरत नाहीत. इतक्यात एक वेगळाच पक्षी येऊन शिवला. काळा आणि पांढरा, लांब शेपटीचा. चालेल का? की दर्भाचा कावळा करू?"

मी तसाच उपाध्यांकडे धावलो. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "काळा आहे ना थोडा? मग काळा तेवढा मोजायचा."

संध्याकाळी शाळेतून पक्ष्यांचे पुस्तक आणून मी तो पक्षी शोधला. इंग्रज त्याला मॅगपाय म्हणतात. खाली लिहिले होते: कावळ्याच्या कुळातला.

वैशाखात भाचा आला. आक्काच्या अर्ध्या अस्थी त्याने तिथल्या नदीत सोडल्या होत्या, कारण नातवंडांना कुठेतरी जाऊन उभे राहता यावे असे त्याला वाटले. उरलेल्या अर्ध्या त्याने तांब्यातून, दाखल्यासह, विमानाने आणल्या. आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात उतरलो, जिथे आमची खाडी समुद्राला मिळते तिथे. भरती सुरू झाली होती. तांब्या रिकामा करताना भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. तिकडे तिला बरे वाटत होते."

मी काही बोललो नाही. यंदा धनत्रयोदशीला दक्षिणेकडे दिवा लावताना मी दुसरी एक पणती पश्चिमेकडे तोंड करून ठेवणार आहे. शास्त्रात ती नाही. पण उपाध्ये म्हणतात, चालेल.